गाडीला हुडहुडी भरते तेव्हा

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज गाडीविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात आमच्या सोसायटीतल्या बाईंपासून करतो. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना क्लच दाबणं जमेना, म्हणून त्यांनी जुनी गाडी विकून ऑटोमॅटिक घेतली. बँक, दवाखाना, मंडई, महिन्यातून दोनदा लेकीकडे जाणं, सगळं त्या स्वतः गाडी चालवून करतात. दोन पावसाळ्यांपूर्वी ही गाडी आचके द्यायला लागली. बाईंनी ती एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं गल्लीतून एक फेरी मारली आणि सांगून टाकलं, "गिअरबॉक्स गेलाय. बदलावा लागेल." खर्च दीड लाखाच्या वर!

संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "अहो, तुमचं आयुष्य गाड्यांच्या संगतीत गेलंय. मला एवढंच सांगा, ही गाडी आता विकून टाकू का? एवढे पैसे घालायची माझी ताकद नाही. पण गाडी गेली की मी घरात बसले."

मी म्हटलं, "विकायचं मग बघू. गाडी आचके कधी देते, ते आधी सांगा."

"कधीही देते हो!"

हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. गाडी कधीही आचके देत नाही. तिच्या ठरलेल्या वेळा असतात, आपण त्या टिपलेल्या नसतात. मी बाईंना सांगितलं, तीन दिवस गाडी जपून, जवळपासच चालवा आणि घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा. हवा कशी होती, इंजिन गार होतं की तापलेलं, चढ होता की सपाटी, वेग किती, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता की ब्रेकवर. बाईंनी हजेरीपटासारखी वही भरून आणली. त्या वहीत काय निघालं ते सांगतोच, पण त्याआधी अशी वही कशी वाचायची ते बघू.

पहिला प्रश्न, गाडी थरथरते की आचके देते? थरथर सलग असते, एका लयीत असते. आचका मधूनच बसतो, कुणीतरी मागून ओढून सोडल्यासारखा. लोक दोन्हीला 'गाडी हलते' म्हणतात आणि गॅरेजवाला त्याला सोयीचं ते ऐकतो.

आता गाडी सिग्नलला उभी आहे, पाय ब्रेकवर आहे, गिअरचा दांडा 'डी'वर आहे आणि सीट थरथरते आहे, असं समजा. ब्रेकवरचा पाय न काढता दांडा न्यूट्रलला घ्या. थरथर एकदम कमी झाली, तर संशय इंजिनाच्या माउंटिंगवर. आपले मिस्त्री याला फाउंडेशन म्हणतात. इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते हे रबरी आधार. 'डी'मध्ये इंजिनावर गिअरबॉक्सचा भार येतो आणि रबर फाटलेलं असेल, तर इंजिनाचे हादरे थेट सांगाड्यात उतरतात. न्यूट्रललाही थरथर तशीच राहिली आणि इंजिनाचा आवाजही अडखळता असेल, तर दोष इंजिनातच शोधायचा. प्लग, कॉइल किंवा हवा आत घेणाऱ्या थ्रॉटलवर साचलेला मळ, असं काहीतरी.

दुसरी वेळ रस्त्यावरची. शहरात गाडी शहाण्यासारखी चालते आणि ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास गेली की थरथरायला लागते. हे दुखणं बहुधा चाकांचं. स्टिअरिंग हातात थरथरत असेल तर पुढची चाकं, सीटखाली जाणवत असेल तर मागची. बॅलन्सिंगची वजनं पडलेली असतात, खड्ड्यात आपटून रिम वाकलेली असते किंवा टायरला फुगा आलेला असतो. फुगा दिसला तर मात्र तो टायर लगेच काढायचा, उद्यावर टाकायचं नाही. एक गृहस्थ गणपतीला कोकणात जाऊन आले आणि गाडी भयंकर थरथरते म्हणून काळजीत पडले. रिमच्या आतल्या बाजूला लाल चिखल वाळून थापला गेला होता. पाइप लावून चाकं आतून धुतली आणि गाडी बरी झाली. खर्च शून्य.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल, तर ब्रेकच्या डिस्क बघायच्या. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की पॅडल पायाखाली धडधडतं. फक्त वेग वाढवताना थरथर आणि पाय उचलला की शांतता, असं असेल तर चाकांना फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलचा आतला सांधा झिजला असण्याची शक्यता मोठी. दांडा 'डी' किंवा 'आर'वर टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग धप्पकन पुढे-मागे होते, हे मात्र गिअरबॉक्सकडे बोट दाखवणारं लक्षण. तिथं आधी ऑइलची पातळी आणि त्याची अवस्था बघायची.

आता बाईंची वही. त्यात लिहिलं होतं, 'पाऊस. सकाळ. पुलाचा चढ. वेग ४०. तीन-चार आचके. पिवळा दिवा लुकलुकला.' दुसऱ्या दिवशी, 'ऊन. तोच चढ. एकच आचका.' तिसऱ्या दिवशी, 'पाऊस. सिग्नलला न्यूट्रलमध्येही थरथर.'

अर्धं निदान बाईंनीच करून आणलं होतं. भार पडला की आचके, ओल असली की जास्त, न्यूट्रललाही थरथर आणि इंजिनाचा दिवा लुकलुकतो. ही सगळी मिसफायरची लक्षणं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही. आम्ही गाडीला स्कॅनर लावला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत अशा तपासणीची एकसारखी सोय सक्तीची झाली. आज आपल्याकडच्या गाड्यांतही ती असते. स्कॅनरनं कोड दाखवला, पी ०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. कुठल्या खोलीत बघायचं ते कोड सांगतो, चोर कोण ते सांगत नाही. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग खराब असेल, कॉइल खराब असेल, पेट्रोलचा इंजेक्टर तुंबला असेल किंवा उंदरानं वायर कुरतडली असेल. उंदीर हसण्यावारी नेऊ नका, पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत येणारे उंदीर मी बरेच पाहिलेत. आम्ही इंजिन बंद करून तिसरी कॉइल काढून पहिल्या सिलिंडरवर बसवली, पहिली तिसऱ्यावर. कोड पुसला, तोच चढ चढलो. आता कोड आला पी ०३०१. दोष कॉइलबरोबर जागा बदलून गेला होता. तिच्या रबरी टोपीला चीर पडली होती आणि ओल धरली की ठिणगी भलतीकडेच उडत होती. नवी कॉइल आणि चार प्लग एवढ्यावर भागलं. गिअरबॉक्सला कुणी हातसुद्धा लावला नाही.

तो लुकलुकणारा दिवा लक्षात ठेवा. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं आणि तो महागडा भाग खराब होतो.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, गॅरेजवाले चुकतात आणि मी बरोबर असतो. तसं नाही. माझ्या साडूची गाडी साधारण ७० च्या वेगानं, पाय स्थिर ठेवला की थरथरायची. रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून जावं तशी. मी ठामपणे मिसफायर म्हणालो. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, फिल्टर बदलला. साडूचे आठ-नऊ हजार गेले आणि थरथर होती तिथंच राहिली. तो बिचारा काही बोलला नाही, पण मी मात्र वहीचा नियम स्वतःच मोडला होता.

नंतर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, थरथर सुरू असताना त्याला ब्रेकवर पाय नुसता टेकवायला सांगितलं. थरथर थांबली. पाय काढला, क्षणात पुन्हा सुरू. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागेल. इथं वाऱ्याऐवजी ऑइल असतं. जर्मन इंजिनिअर हर्मन फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये ही कल्पना जहाजांसाठी पेटंट केली, पुढे ती मोटारीत आली. पण ऑइलमधून शक्ती जाताना थोडी वाया जाते. म्हणून स्थिर वेगात एक लॉकअप क्लच हे दोन्ही पंखे एकमेकांना जोडून टाकतो. ऑइल जुनं झालं की हा क्लच नीट धरत नाही, धरतो आणि सुटतो. तीच ती थरथर. ब्रेकला पाय लागला की लॉकअप सुटतो, म्हणून ती थांबते. साडूच्या गाडीचं ऑइल ९० हजार किलोमीटरमध्ये एकदाही बदललेलं नव्हतं, कारण 'ते आयुष्यभर चालतं' असं त्याला सांगितलेलं. कंपनीनं सांगितलेलंच ऑइल दोन टप्प्यांत बदललं आणि थरथर गेली. नेहमीच जाते असं नाही. क्लच फार झिजला असेल तर कन्व्हर्टर बदलावाच लागतो. पण सुरुवात ऑइलपासून करायची.

ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या गाड्या एकसारख्या नव्हेत, हेही लक्षात घ्या. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी लोकप्रिय झाली. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना ती किंचित मान डोलावते, तो तिचा स्वभाव आहे. त्या क्षणी पाय थोडा हलका केला की झटका कमी होतो. मात्र सुरू होताना गाडी गदगदा हलायला लागली, तर क्लच तपासून घ्या. डबल क्लचच्या गाड्यांचंही तेच. सीव्हीटीमध्ये दोन पुल्यांमधून पट्टा किंवा साखळी फिरते. तिचं ऑइल वेगळं असतं. 'सगळ्यांना चालतं' असं म्हणत कुणी दुसरं ऑइल ओतायला आला तर त्याला थांबवा. आणि घाटात वाहनांची रांग लागली की अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून गाडी चढावर उभी ठेवू नका. एएमटी आणि डबल क्लचच्या गाड्यांचा क्लच त्यानं तापतो, जळतो. ब्रेक लावा, थांबा, पुढची गाडी हलली की हला.

बॅटरी बदलल्यानंतर काही दिवस गिअर वेडेवाकडे पडले तर घाबरू नका. काही गाड्यांचा संगणक शिकलेलं विसरतो आणि पुन्हा शिकतो. पण आठवडाभरानंतरही तसंच असेल तर दाखवून घ्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. या परीक्षा गर्दीत करायच्या नाहीत. चालवणाऱ्यानं फक्त चालवावं, नोंद शेजारच्यानं करावी. आणि बॉनेट उघडून कुणी इंजिनाचे हादरे बघत असेल, तर तो गाडीच्या समोर कधीही उभा नको, बाजूला हवा. दांडा 'डी'वर असतो आणि ब्रेकवरचा एक पाय सटकला की जिवावर बेतू शकतं.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा 'गिअरबॉक्स बघा' म्हणू नका. लक्षण सांगा, निदान त्यांच्यावर सोडा. मिस्त्रीला शेजारी बसवून, जिथं त्रास होतो त्याच रस्त्यावर न्या. मोठा खर्च सांगितला तर दोनच प्रश्न विचारा, 'कोड कोणता आला?' आणि 'हाच भाग बिघडलाय हे तुम्ही कसं तपासलं?' चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून गाडी परत आणून दुसरीकडे दाखवायला हरकत नाही.

बाई अजून गाडी चालवतात. ती वही त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे आणि पेट्रोल, हवा, ऑइल यांच्याही नोंदी आता तिच्यात असतात. परवा लेकीकडून येताना त्यांनी मला हटकलं, "डाव्या बाजूनं बारीक आवाज येतोय. फक्त वळताना, फक्त डावीकडे." मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "लिहून ठेवलंय."