गाडीची परीक्षा मागच्या सीटवरून

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता, शेंगा निवडता निवडता ऐका. आज आम्ही बचतीबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलणार आहोत एका आलिशान मोटारीबद्दल. हसलात ना? आम्हीही आधी हसलोच होतो.

गोष्ट आमच्या गटातल्या एका काकूंपासून सुरू होते. त्यांचं नाव सांगत नाही, पण हे सगळं सांगायला त्यांनीच परवानगी दिली आहे. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी आठ वेळा सलाईनमधून औषध घ्यायला सांगितलं, दर एकवीस दिवसांनी एकदा. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावातून नागपूर म्हणजे आधी चौदा किलोमीटर खड्ड्यांचा रस्ता, मग समृद्धी महामार्ग, सगळे मिळून चार-साडेचार तास. जायचे तेवढे, यायचे तेवढे. त्यांचे यजमान दर वेळी गावातलीच एक लहान गाडी भाड्याने करत. तिसऱ्या खेपेहून आल्यावर काकू म्हणाल्या, "आता नाही जात मी. औषधाचं भ्या नाही वाटत, मले गाडीचं भ्या वाटते."

मैत्रिणींनो, औषध अर्ध्यावर सोडायचं कारण काय, तर गाडीतले हादरे आणि ओकाऱ्या. हे ऐकून आमची त्या रात्री झोप उडाली.

त्याच सुमारास गावातल्या एकांच्या पाहुण्यांनी त्यांची जुनी सेडान विकायला काढली. सेडान म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली, लांब आणि बुटकी गाडी. ही तर नामी परदेशी कंपनीची, कातडी सीटची. नवी असताना पन्नास लाखांच्या घरातली, आता सात लाखांत देतो म्हणाले. आमच्या ग्रामसंघात सात गट आहेत. बैठकीत विषय निघाला: घ्यायची का? पेशंट, बाळंतिणी, म्हातारी माणसं नेऊ, लग्नसराईत भाड्याने देऊ. दोन मतं पडली. शेवटी ठरलं, आधी पारखून पाहू. गाय घेताना आपण तिला चालवून बघतो, दूध काढून बघतो. मग सात लाखांची गाडी नुसती हात फिरवून कशी घ्यायची?

मालकांनी एक दिवस गाडी दिली. चालवायला गटातल्या एका वहिनींचे भाऊ, पंधरा वर्षांचे अनुभवी ड्रायव्हर. आत आम्ही चौघी: काकू, गुडघेदुखीच्या एक आजी, ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताई आणि आम्ही, हातात वही घेऊन. नागपूरला जाऊन परत यायचं. त्या एका दिवसात जे कळलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. कारण गाडी विकत घ्या नाही तर भाड्याने करा, पारखायची रीत एकच.

पहिली गोष्ट, बसण्याची. दारातून आत जाताना डोकं किती वाकवावं लागतं, साडी सावरत पाय उचलून आत कसा घेता येतो, हे पाहा. ही गाडी इतकी बुटकी की आजी आत बसल्या नाहीत, आत पडल्या. बसल्यावर म्हणाल्या, "गादी तं लयच मऊ हाये व, पण उठू कशी?" हा प्रश्न वहीत पहिला लिहिला. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर आले, तर मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. दहा मिनिटं कळत नाही, दोन तासांनी कळतं. मऊ गादीचंही तसंच. फार मऊ गादीत कंबर रुतते. जरा घट्ट, पण मांडीला गुडघ्याजवळपर्यंत टेकू देणारी सीट लांबच्या प्रवासाला बरी. मागे मधोमध पायाशी उंचवटा आहे का, तेही बघा. आमच्यातल्या मधे बसलेल्या ताईंचे पाय चार तास फाकलेले राहिले.

दुसरी गोष्ट, हादऱ्यांची. एसटीत शेवटच्या सीटवर बसून कोणाची कंबर मोडली नाही? मागच्या चाकाच्या मागे बसलं की प्रत्येक खड्डा आपल्याला उचलून आपटतो. चाकांच्या मधोमध बसलं की तोच खड्डा अर्धाच लागतो. मोटारीतही हेच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. डिझायरसारख्या आपल्या ओळखीच्या गाडीत ते २४५० मिलिमीटर आहे. स्कोडा सुपर्बसारख्या मोठ्या सेडानमध्ये २८४१. लांब व्हीलबेसची मर्सिडीज ई-क्लास तर तीन मीटरच्या वर जाते. अंतर वाढलं की मागची सीट चाकावरून पुढे सरकते आणि गाडी खाली-वर कमी डोलते. मोठ्या गाडीच्या आरामाचं एक मोठं कारण हे आहे. ते कातड्याच्या सीटमध्ये नाही.

पण जुन्या गाडीत आणखी एक बघावं लागतं. गतिरोधकावरून गेल्यावर गाडी किती वेळा वर-खाली होते, ते मोजा. एकदा होऊन स्थिर झाली तर शॉकॲब्सॉर्बर ठीक. तीन-चार वेळा डुलत राहिली तर ते गेलेत. उभ्या गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबून सोडला तरी अंदाज येतो. मळमळीचं मूळही इथेच आहे. बारीक हादऱ्यांनी अंग दुखतं, पण ओकारी येते ती पाळण्यासारख्या संथ डुलण्याने. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो आणि कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतोय. दोघांचं जमलं नाही की पोट ढवळतं. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं, लांब समोर बघावं, मोबाईल बघू नये.

आम्ही एक साधी युक्ती केली. पाण्याची पारदर्शक बाटली अर्धी भरून सीटच्या मधे ठेवली. समृद्धीवर पाणी जवळजवळ शांत होतं. काकू कारंजाच्या आधीच झोपल्या. तीन खेपांत ज्यांचा डोळा लागला नव्हता, त्या वर्धा जिल्हा येईपर्यंत झोपल्या होत्या. खरं सांगतो, त्या क्षणी आम्हाला वाटलं, घेऊनच टाकावी ही गाडी.

तिसरी गोष्ट, गाडी हातात कशी राहते याची. हे ड्रायव्हर सांगेल असं समजू नका, मागे बसूनही कळतं. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हलकं धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का? मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने किती हलते? लेन बदलल्यावर एकदाच झुकून सरळ होते की दोनदा हेलकावते? नव्वद-शंभरच्या वेगात स्टेअरिंग थरथरलं तर बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरलं तर ब्रेकच्या डिस्क बघायला हव्यात. ब्रेकची परीक्षा मात्र महामार्गावर करू नका. मागून कोणी येत नाही असा गावाकडचा मोकळा रस्ता बघा. ब्रेक लागताना गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. या गाडीने हे सगळं छान केलं. तिला नावं ठेवायला जागा नव्हती.

चौथी गोष्ट आम्हाला परतीच्या वाटेवर कळली आणि ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आत इतकी शांतता होती की मागून हळू बोललेलं पुढे ऐकू जात होतं. आम्हाला वाटलं, सत्तरने चाललोय. वाकून काटा पाहिला तर ११८. समृद्धीवर मोटारींना १२०ची मर्यादा आहे, म्हणजे नियम मोडला नव्हता. पण लहान गाडीत शंभरला जी भीती वाटते, ती इथे वाटतच नव्हती. आराम वेग लपवतो. त्यात रस्ता सरळसोट, काँक्रीटचा. डोळे उघडे असून मन झोपतं. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस उलटून जळाली, ती पहाट आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. म्हणून वहीत लिहिलं: दर दोन तासांनी थांबायचं, ड्रायव्हरने तोंड धुवायचं, आणि मागच्या बाईने मधूनमधून काटा बघायचा. बघणाऱ्या बाईला कोणी भित्री म्हणायचं नाही.

आणि पट्टा. मागच्या सीटवरही सीटबेल्ट बंधनकारक आहे, नाही तर एक हजार रुपये दंड. पण दंडासाठी नका लावू. भाड्याच्या कित्येक गाड्यांत मागच्या पट्ट्याचं बक्कल सीटकव्हरखाली गाडलेलं असतं. बसण्याआधी ते बाहेर काढायला लावा. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटावर घ्यायचा नाही, पोटाच्या खाली मांड्यांच्या वर घ्यायचा. वरचा पट्टा छातीच्या मधून.

पाचवी गोष्ट टायरची. टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालातला तेविसावा आठवडा. आमच्या अध्यक्ष ताई खाली बसून टॉर्च मारून वाचत होत्या. तीन टायर बरे होते, चौथा आठ वर्षांचा निघाला. नक्षी शाबूत, पण रबर जुनं. लांब पल्ल्याला, उन्हातल्या काँक्रीटवर असा टायर म्हणजे जिवाशी खेळ. दुसरा आकडा होता २२५/४५ आर १८. त्याचा अर्थ, टायर २२५ मिलिमीटर रुंद आणि रिंगच्या वरची उंची रुंदीच्या पंचेचाळीस टक्के, म्हणजे दहाच सेंटिमीटर. असा बुटका टायर वळणावर गाडी घट्ट धरून ठेवतो, पण खड्ड्यात त्याच्याजवळ दबायला जागा नसते.

ते आम्हाला शेवटच्या चौदा किलोमीटरवर कळलं. महामार्ग सोडला आणि बाटलीतलं पाणी उसळायला लागलं. गाडीचं पोट दोनदा रस्त्याला घासलं. काकू जाग्या झाल्या त्या थेट गाव येईपर्यंत दाराचा कडी-दांडा धरून बसल्या. उतरताना आजींना दोघींनी ओढून काढावं लागलं.

रात्री वही उघडून बसलो. जमेची बाजू मोठी होती: सीट, शांतता, महामार्गावरची पकड. खर्चाची बाजूही लिहिली. त्या एका टायरचा भाव विचारला, तर बारा बायकांच्या एका गटाची सहा महिन्यांची बचत. शिवाय गाडीला पांढरी नंबर प्लेट. तिच्यावर भाडं घेणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात. पिवळी प्लेट करायची तर परवाना आणि वेगळा विमा लागतो. ग्रामसंघाने नाही म्हटलं. दोन गट अजून नाराज आहेत. लग्नसराईत पैसे सुटले असते, असं त्यांचं म्हणणं आहे. तेही खोटं नाही.

पण त्या दिवसाचं डिझेल वाया गेलं नाही. आम्हाला काय हवं ते कळलं होतं. वही घेऊन तालुक्याला गेलो आणि भाड्याच्या गाड्या पाहिल्या. एक तीन रांगांची, उंच बसायची गाडी मिळाली. आलिशान नाही, पण पिवळ्या प्लेटची, टायर दीड वर्षाचे आणि उंच. मधली रांग बरोबर पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे येते. काकू तिथे खिडकीशी बसतात, कमरेमागे घडी घातलेली चादर. ड्रायव्हरदादांशी बोली आहे: वेग नव्वदच्या वर नाही, खड्ड्याआधी ब्रेक, खड्ड्यात नाही. अर्धं भाडं ग्रामसंघाच्या निधीतून. काकू तिच्यात झोपत नाहीत, ते सुख त्या मोठ्या गाडीतच होतं. पण ओकारी एकदाच झाली. तीन खेपांवर थांबलेलं औषध आता सातव्या खेपेपर्यंत आलं आहे. आठवी पुढच्या सोमवारी.

मैत्रिणींनो, गाडी बघायला आपल्या घरून बहुतेक पुरुष जातात. ते बॉनेट उघडतात, ॲव्हरेज विचारतात. ते विचारायलाच हवं. पण आराम इंजिनाजवळ उभं राहून कळत नाही. घरातलं सगळ्यात दुखरं शरीर मागच्या सीटवर बसवा, गावाच्या रस्त्यावर न्या, महामार्गावर न्या, आणि तिसऱ्या तासाला विचारा, "कसं वाटतंय?" ते उत्तर खरं. आजारी माणसाला नीट बसून जाता येणं ही चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

सोमवारी पहाटे पाचला गाडी निघेल. काकूंना शुभेच्छा द्यायच्या असतील तर रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात या. वही तिथे ठेवलेली असेल. ज्यांना गाडी ठरवायची आहे त्यांनी उतरवून घ्या. नमस्कार.