नव्या उपक्रमाची आखणी



गावात बालवर्ग, रात्रीची शाळा किंवा असाच एखादा नवा उपक्रम काढावयाचा म्हटले की काही शिक्षक अखेरच्या दिवसापर्यंतचा आराखडा कागदावर उतरल्यावाचून पाऊल उचलीत नाहीत. काही ‘पुढचे पुढे पाहू’ म्हणून उडी घेतात आणि चार महिन्यांत थकून बसतात. आखणी किती पक्की असावी आणि किती मोकळी ठेवावी, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी बोर्डी व कोसबाड येथील कार्याकडे पाहावे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्या या क्षेत्रात नवख्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता आणि १९३६ पासून दादरला शिशुविहार चालू होते. माँटेसरी पद्धतीची सांगोपांग योजना हाताशी होती. ती जशीच्या तशी खेड्यात उतरविण्याचा मोह कोणासही झाला असता.

परंतु खेड्यातील बालक त्या योजनेत बसेना. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून साधने घडविण्यात आली. त्याहून मोठी अडचण अशी की, ज्यांच्यासाठी खटाटोप करावयाचा ती गरीब वस्तीतील मुले येतच नसत. आईबाप मजुरीला गेलेले, थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड. तिने शाळेत यावे तरी कसे? तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला वस्तीतील अंगणात वर्ग भरू लागला व त्याला अंगणवाडी हे नाव मिळाले. हातपाय धुणे, केस विंचरणे हाच तेथील प्रारंभीचा पाठ असे.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या परिसरात गेले. आरंभापासून त्यात सहभागी असलेल्या अनुताई वाघ येथेही बरोबर होत्या. येथील मुले गुरे राखीत. त्यांना घंटा वाजवून बोलाविण्यात अर्थ नव्हता. शिक्षकच कुरणात गेले आणि कुरणशाळा जन्मास आली. भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. दादरच्या खोलीत बसून हे कोणास सुचले नसते.

म्हणून तेथे योजना नव्हती, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कोणत्या बालकासाठी काम करावयाचे हे पहिल्यापासून ठरलेले होते, आणि ते कधीही बदलले नाही. बदलत गेली ती जागा, वेळ आणि साधने. लवचीकपणाच्या नावाखाली रोजच्या पाठाची तयारी न करणे हा निव्वळ आळस होय. दुर्दैवाने दोहोंचे बाह्य रूप सारखेच दिसते.

काही बाबी तर आधीच पूर्ण व्हावयास हव्यात. पिण्याचे पाणी, डोक्यावर सावली, पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज आणि दुसरा जबाबदार माणूस यांविना लहान मुलांचा वर्ग काढू नये. वर्गाजवळ बिनकठड्याची विहीर असेल, तर ‘पुढे बांधून घेऊ’ हे चालणार नाही. उलट वर्गाची वेळ, अभ्यासाचा क्रम, खेळांची यादी ही वर्षभराची एकदम ठरविण्यात श्रम वाया जातात. भातलावणी सुरू झाली की अर्धा गाव पहाटे शेतावर असतो आणि भिंतीवरचे सुंदर वेळापत्रक कोरडे पडते.

पहिला महिना संपला की हजेरीपट घेऊन बसावे, पण आलेल्या मुलांची बेरीज करण्यासाठी नव्हे. न आलेल्यांची नावे वेगळ्या कागदावर उतरावीत आणि सायंकाळी चूल पेटण्याच्या वेळी त्या घरी जावे. मूल का येत नाही, हे आईला विचारावे. दुसऱ्या महिन्याची आखणी त्या उत्तरानंतर करावी.