लाल ठिपका, हिरवा ठिपका
(शिरूर-दौंड परिसरातील कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, मोबाइल हातात आल्यापासून आपल्या वह्यांचे ओझे कमी झाले, हे आधीच कबूल करते. 'जीएडी-७' ही प्रश्नावली तुम्ही भरता. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त झाले की लाल ठिपका: चिंतेचा आजार असू शकतो, डॉक्टरांकडे पाठवा. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात आशाताईंनी टॅबलेटवर असेच काम केले आहे. तिथे पुढच्या उपचाराचा सल्लाही डॉक्टरांना यंत्र देत होते. तेव्हा यंत्राला नावे ठेवायला मी उभी नाही.

पण एक प्रश्न बघा: काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटते का? शिरूरच्या उसाच्या पट्ट्यातली बाई म्हणाली, "रोजच वाटतंय की. लाइट रातची येती, पाणी धराया जावं लागतं, अन् उसात बिबट्या." तीन गुण. निवांत बसायला जमत नाही का? "निवांत? कवा?" आणखी तीन. बेरीज बरोबर होती. बाईला डॉक्टरकडे न्या, असे यंत्राने सांगितले. शेतपंपाची वेळ बदलायला विजेच्या कचेरीवर मोर्चा न्या, हे त्याने सांगितले नाही.

हिरव्या ठिपक्याची मला जास्त धास्ती वाटते. दौंडकडच्या एका घरी उदासीनतेची 'पीएचक्यू-९' भरत होते. सासू शेजारीच भाजी निवडत बसलेली. नऊही उत्तरे शून्य. हिरवा ठिपका पाहून मी उठले. चूक माझी. पुढच्या खेपेला ती हापशावर एकटी भेटली, तेव्हा नवव्या प्रश्नाचे, मरून जावेसे वाटते का याचे, खरे उत्तर मिळाले. त्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आले, तर बेरीज कितीही कमी असो, थांबायचे. तिथेच १४४१६ला, टेली-मानसला, फोन लावायचा. बाईला एकटी सोडायचे नाही. हे यंत्र विसरत नाही, आपण विसरतो. पण खरे उत्तर मिळवायचे काम आपलेच.

आणि पडदा घरच्यांना दाखवू नका. एका नवऱ्याने लाल ठिपक्याचा फोटो काढून ठेवला: बायको वेडी आहे, पोरं मला द्या. अहो, ही चाचणी म्हणजे निदानसुद्धा नव्हे! निदान झाले तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ३(५) म्हणते की सक्षम न्यायालयाने ठरवल्याखेरीज केवळ आजारावरून कुणाला वेडे धरता येत नाही. वकिलाला हे कलम दाखवा.

आता गटात बसू. प्रत्येकीने आपल्या गावातला एक ठिपका घ्यायचा, नाव न सांगता, आणि त्या बेरजेत काय आले नाही ते सांगायचे.