अमेरिकेची लढाई, सुप्याची होळी आणि एक पावती
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 समितीने आम्हाला कर्ज या विषयावर बोलायला सांगितलं. तेव्हा काहींनी विचारलं, विहारात कर्जाचा विषय कशाला? तर भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात एक 'अनृण सुख' आहे, म्हणजे कोणाचं देणं नसण्याचं सुख. दुसऱ्या एका सुत्तात गरिबी, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन अशी पायरी-पायरीने दुःखाची उतरंड सांगितली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही उतरंड आपल्या मुलखात कशी उतरली, ते आज बघू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. आम्ही गिरणीतली माणसं, कापसाच्या गाठी रोज बघतो. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाऊण हिस्सा तेव्हा अमेरिकेतून येई, आणि तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत तो काळ्या गुलामांच्या घामावर पिके. १८६१ साली गुलामीच्या प्रश्नावरून तिथे यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. आदल्या वर्षी वीस लाख गाठी इंग्लंडला गेल्या होत्या, १८६२ साली पंचावन्न हजार गेल्या. लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या, कामगारांच्या चुली विझल्या. तरीही १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवली आणि अध्यक्ष लिंकनला पत्र पाठवलं की गुलामी मोडण्याच्या कामात आम्ही तुमच्या बाजूने आहोत. पुढच्याच महिन्यात लिंकनने त्यांना उत्तर धाडलं. पोटात अन्न नसताना दुसऱ्याच्या मुक्तीची बाजू घेणारे हे आमचेच भाऊबंद, असं आम्ही मानतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, हेही ध्यानात ठेवा.

पण त्याच लढाईचं दुसरं टोक आपल्याकडे आलं. अमेरिकेचा कापूस बंद, म्हणून सगळे हिंदुस्थानकडे वळले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा जुगार रंगला. मुंबईच्या व्यापाऱ्याने शहरातल्या सावकाराला पैसा दिला, त्याने गावच्या सावकाराला दिला, आणि कालपर्यंत दारात उभं न करणारा सावकार रयतेला बोलावून उचल देऊ लागला. कापूस लावायला एकरी शंभर रुपये! पुणे-नगरकडची रयत बहुतेक बाजरी-ज्वारीवाली, पण भाव सगळ्याच धान्याचे चढले होते. सावकाराला वाटलं कूळ सधन झालं, कुळाला वाटलं दिवस पालटले.

१८६५ साली अमेरिकेतली लढाई थांबली. मुंबईचा फुगा फुटला. कापसाचे भाव पडले, मागाहून धान्याचेही पडले. सावकाराने हात आखडला आणि जुनं मागायला लागला. आणि नेमक्या त्याच वेळी सरकारचा तीस वर्षांचा सारा संपून नवी आकारणी आली. १८६७ साली इंदापूर तालुक्यापासून सुरुवात झाली. ठिकठिकाणी सारा दीडपट, कुठे दुप्पट. भाव तेजीचा धरला आणि वसुली मंदीत केली! आता सारा भरायचा तर पुन्हा सावकारच.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं. सरकारचा हेतू असा की व्याज साचत जाऊ नये. पण झालं उलटंच. तीन वर्षं झाली की सावकार म्हणे, नवा कागद कर. मागचं मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल. कुळाला वाचता येत नाही, अंगठा मात्र आहे. कायदा चांगला असून भागत नाही, कागद कोणाच्या हातात आहे त्यावर सगळं आहे.

नगर जिल्ह्यातल्या मिरजगावच्या रयतेने कलेक्टरला एक अर्ज केला होता. त्यात काय होतं बघा. आम्हाला सावकाराकडून कपडा-धान्य उधार घ्यावं लागतं. रोखीने घेणाऱ्यापेक्षा शेकडा पंचवीस ते पन्नास जादा भाव आम्हाला लावतात. शेतातला माल खात्यावर जमा करतो म्हणून उचलून नेतात आणि जमा करत नाहीत. पावती मागितली तर देत नाहीत. सूट द्या, माफी द्या, हे पुढचं. आधी तक्रार ही, की आमच्या नेलेल्या मालाची नोंद नाही.

अर्जांनी काही हललं नाही. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर सावकाराने एका देशमुखाचं घर पाडलं. गाव खवळलं. सावकाराच्या दुकानात जायचं नाही, त्याच्या शेतात राबायचं नाही, न्हावी-परटाने त्याचं काम करायचं नाही. बहिष्काराचं हे हत्यार आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, त्यानंतर गावोगाव ते आपल्याच बापजाद्यांवर चाललं. आणि आमच्या मनात एक प्रश्न येतो तो बोलून टाकतो : करडे गावात देशमुखाऐवजी महारवाड्यातलं घर पाडलं असतं तर गाव उठलं असतं का?

पुढे १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर गेले. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोचलं. लोक माणसं मारायला गेले नव्हते. त्यांना पाहिजे होते रोखे आणि चोपड्या. ज्याने कागद मुकाट्याने दिले त्याला बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही. कागदांची होळी झाली. मागून फौज आली, धरपकड झाली, शिक्षा झाल्या. सरकारने चौकशी समिती नेमली. तिने सावकारावर ठपका ठेवला, साऱ्याकडे मात्र फार बोट दाखवलं नाही. मालकाने आपल्याच कारखान्याची चौकशी केल्यावर दुसरं काय निघणार!

तरी १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कोर्टाने नुसता रोखा बघायचा नाही, व्यवहार मुळापासून तपासायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं नाही. दस्त सरकारी निबंधकासमोर लिहायचा. आणि शेतकऱ्याने दिलेल्या पैशाची पावती द्यायचीच. मिरजगावकरांनी जी मागितली होती तीच ही पावती! सावकारांनी यातूनही वाट काढली. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचं आणि जमीन परत देण्याचा नुसता तोंडी शब्द द्यायचा, असे प्रकार सुरू झाले. तोंडी शब्दाची पावती कुठून आणणार?

आता आपल्या लोकांचं बोलू. हा सगळा हिशेब ज्याच्या नावावर कागद होता त्याचा. सालदाराचं काय? लग्नाला उचल घेतली, सालभर राबला, साल सरलं तरी उचल फिटली नाही. त्याचं कर्ज मालकाच्या चोपडीत, नाहीतर मालकाच्या तोंडात. सुप्याच्या होळीत जाळायला त्याचा कागदच नव्हता. त्याच्यापर्यंत कायदा पोचायला बरोबर शंभर वर्षं गेली. १९७५ सालच्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्यात लहान शेतकऱ्याबरोबर शेतमजूर, कारागीर आणि कामगार आले. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा झाला. मधल्या काळात बाबासाहेबांनी १९३७ साली खोती मोडण्याचं विधेयक आणलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर नेला. त्या मोर्चात सवर्ण कुळंही होती आणि आपलेही होते, करडे गावासारखा भेद तिथे नव्हता.

आज आपल्या वस्तीत सावकाराची पगडी दिसत नाही, पण आठवड्याचा हप्ता घ्यायला माणूस दारात येतोच. आमच्या माय-बहिणी गटाने सह्या करतात, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. किती घेतलं हे प्रत्येकीला पाठ असतं. किती भरलं हे विचारलं की कार्डं शोधावी लागतात, आणि कधी कधी सापडत नाहीत.

म्हणून समितीशी बोलून ठरवलं आहे ते सांगतो. दर रविवारी सकाळची वंदना झाली की विहारात आपली शिकलेली मुलं-मुली तासभर बसतील. कर्जाचा, भिशीचा, सोन्याच्या गहाणाचा, कुठलाही कागद असो, सहीच्या आधी घेऊन या. मुलं तो मराठीत वाचून दाखवतील आणि वहीत हिशेब मांडून देतील. सही आधीच झाली असेल तरी आणा, हप्त्यांची कार्डं मात्र बरोबर घ्या. ज्यांना पावती मिळत नसेल त्यांच्याबरोबर दोघं जण जाऊन ती मागतील. वही विहाराच्या कपाटात राहील, किल्ली महिला मंडळाकडे. येत्या रविवारी पहिली बैठक आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!