एक शेत, दोन न्यायपीठें

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी म्हण आहे. परंतु कित्येकांस एक सोडून दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि आधींची कोणती व नंतरची कोणती हें न उमगल्यामुळें वर्षेंच्या वर्षें वायां जातात. एकाच तंट्याचा कांहीं भाग न्यायालयाकडे व कांहीं भाग न्यायाधिकरणाकडे असेल, तर आधीं कोणीं निर्णय द्यावा व कोणीं थांबावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

समजा, पश्चिम महाराष्ट्रांतील एका खातेदारानें दिवाणी न्यायालयांत दावा लावला कीं, अमुक इसम आपल्या शेतांत बळजबरीनें घुसला आहे. त्यास काढून ताबा देववावा. प्रतिवादी आपल्या कैफियतींत सांगतो कीं, आपण घुसखोर नसून वडिलांच्या वेळेपासून खंड देऊन जमीन कसणारें कूळ आहोंत. आतां सगळा वाद एका प्रश्नापाशीं येऊन ठेपला. तो कूळ ठरला तर १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाच्या तरतुदीखालीं जमिनीचा मालकही ठरण्याचा संभव आहे. न ठरला तर पिढ्यांची वहिवाट सोडून त्यास बांधाबाहेर जावें लागेल. तिकडे खातेदार एखादी विधवा असेल, तर तिचाही निर्वाह त्याच शेतावर.

हा प्रश्न मात्र न्यायाधीशास सोडवितां येत नाहीं. मुंबई राज्याच्या १९४८ सालच्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ७० अन्वयें कूळ कोण हें ठरविण्याचें काम मामलेदाराचें, आणि कलम ८५ नें दिवाणी न्यायालयास त्यांत हात घालण्याची मनाई. पण नुसत्या मनाईनें पेच सुटत नव्हता. दावा काढून टाकला तर वादीची दाद बुडते. चालविला तर मनाई मोडते. १९५३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें मधला मार्ग दाखविला: दावा काढून टाकूं नये, मामलेदाराचा निर्णय येईपर्यंत तो थांबवावा. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें कलम ८५-अ घालण्यांत आलें. त्याप्रमाणें न्यायालय दावा तहकूब ठेवून तेवढाच मुद्दा सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवितें, आणि त्याचा निर्णय आल्यावर त्यास धरून दाव्याचा निकाल करतें. १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शेतजमिनीच्या खरेदीकराराच्या दाव्यांतही हाच दंडक लावला. घेणारा शेतकरी आहे कीं नाहीं, हा प्रश्न मामलेदाराकडे पाठवावयास हवा, असें ठरलें.

मात्र दोन ठिकाणीं संबंधित वाद चालू आहेत एवढ्यानेंच न्यायालय थांबतें, असा समज चुकीचा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें कलम १० मागाहून लावलेल्या दाव्याची सुनावणी थांबवितें. परंतु पक्षकार व मुख्य मुद्दा एकच असावा लागतो, आणि आधींचा वादही दिवाणी दावाच असावा लागतो. कामगार न्यायालयांत बडतर्फीचा वाद चालू आहे म्हणून अपहाराच्या रकमेचा दिवाणी दावा या कलमाखालीं थांबवितां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. म्हणजे थांबविण्यास कायद्याचा स्पष्ट आधार हवा; नुसतें साम्य पुरत नाहीं.

थांबण्याची किंमतही लहान नाहीं. मामलेदाराच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील आणि त्यापुढें महसूल न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी होऊं शकते. तोंवर मूळ दावा कपाटांत पडून राहातो. म्हणून कुळाचा बचाव केवळ वेळ काढण्यासाठीं उभा केला आहे काय, हें मुद्दा काढतांनाच पाहाणें अगत्याचें असतें. ज्याचा बचाव खरा, त्यानें खंडाच्या पावत्या व सात-बाराचे जुने उतारे प्रारंभींच हजर करावे. वर्षें लोटलीं म्हणजे साक्षीदार उरत नाहींत.

तरीही हें थांबणें निरर्थक नव्हे. एका पीठानें कूळ म्हणावें आणि दुसऱ्यानें घुसखोर, असे दोन हुकूम एकाच बांधावर येऊन उभे राहिले, तर शेवटीं लाठीच निकाल करूं लागते. उशिरा पण एकच निकाल लागावा, एवढ्यासाठीं न्यायालय आपली लेखणी घटकाभर खालीं ठेवतें. ती घटका पिढीएवढी लांबूं न देणें, हें मात्र दोन्ही पीठांचें आणि दोन्ही पक्षांचें कर्तव्य होय.