एररचं वाक्य नको, कारण साठवा

आजचा विषय रोजचाच: फॉर्ममधल्या चुकीचा संदेश कसा साठवायचा आणि कसा दाखवायचा?

मी चेन्नईत अण्णा नगरला राहते. या शहरात बऱ्याच घरांना दोन नंबर असतात, जुना आणि नवा. पत्त्यात ते 31/14 असे तिरपी रेघ देऊन लिहितात. शेजारच्या मराठी काकू नातवाच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म भरत होत्या, तोही शेवटच्या दिवशी. सबमिट केल्यावर वर लाल पट्टी आली, 'इनव्हॅलिड इनपुट', आणि सगळे रकाने कोरे! काकू म्हणाल्या, "अगं, माझं चुकलं तरी काय?" ती तिरपी रेघ फॉर्मला चालत नव्हती, पण हे सांगणार कोण?

आता आपण काय करायचं ते बघू.

एक, तयार वाक्य साठवू नका. रकान्याचं नाव, चुकीचा कोड आणि लागणारा तपशील साठवा. उदाहरणार्थ: पत्ता, अमान्य चिन्ह, '/'. वाक्य दाखवताना बनवा. मग तीच नोंद मराठीत, तमिळमध्ये, इंग्रजीत दाखवता येते.

दोन, पासवर्ड सोडून भरलेलं सगळं परत द्या, पण एस्केप करून. रिडायरेक्ट करत असाल, तर चुका आणि भरलेला मजकूर सेशनमध्ये एका फेरीपुरताच ठेवा. दाखवला की काढून टाका, नाहीतर जुनी चूक नव्या फॉर्मवर दिसते.

तीन, संदेश त्याच रकान्याखाली दाखवा. नुसता लाल रंग पुरत नाही. इनपुटला 'एरिया-इनव्हॅलिड' लावा आणि 'एरिया-डिस्क्राइब्डबाय'ने संदेश जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो.

कोड साठवण्याचा आणखी एक फायदा आहे. लॉगमध्ये तोच कोड पुन्हा पुन्हा दिसू लागला, तर बहुतेक वेळा नियमच चुकलेला असतो. नावाच्या रेगेक्समध्ये युनिकोडचा फक्त 'लेटर' गट घेतला, तर 'शिंदे' अडकतात, कारण आपल्या मात्रा आणि अनुस्वार 'मार्क' गटात येतात. अशा वेळी संदेश कितीही गोड लिहिला तरी माणूस पुढे जाऊ शकत नाही. आधी नियम दुरुस्त करा.

आजचा गृहपाठ: तुमच्या फॉर्ममध्ये नाव 'शिंदे' आणि घर नंबर '31/14' टाकून बघा. काय होतं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!