चालू या, आणि वजनही उचलू या



‘दिवसभर राबतोच की, वर व्यायाम कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो. प्रश्न खराच आहे. पण राबताना भार आपण ठरवत नाही आणि विसावाही मिळत नाही. व्यायामात भार आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, मग थांबतो. स्नायू भरून येतात ते त्या विसाव्यात.

दुसरं म्हणजे, बाईनं व्यायाम करायचा तो बारीक होण्यासाठी, असं धरून तिला फक्त चालायला सांगतात. चालण्यानं हृदय सुधारतं, दम वाढतो, ते हवंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला, आणि जोडीला किमान दोन दिवस ताकदीचा. हा दुसरा भाग आपल्यापर्यंत पोचतच नाही. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा त्यांना भार लागतो. ‘वजन उचललं की बाई पुरुषी दिसते’ ही भीती कोणाच्या सोयीची? कर्णम मल्लेश्वरीनं २००० साली सिडनीत ऑलिंपिक पदक मिळवलं ते वजन उचलूनच!

पाच दिवस अर्धा तास चाला. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतक्या वेगानं. मध्ये अंतर ठेवून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. बारा वेळा सहज जमलं की भार वाढवा. गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि जेवण? सगळ्यांनंतर उरलेल्या पातळ वरणावर स्नायू होत नाहीत. डाळ, अंडं, शेंगदाणे आपल्याही ताटात आधीच वाढून घ्या.